बांधकाम दगडी, वापर पाहुण्यांसाठी

निरीक्षक : तसं नाही आजी. घर चांगलं की वाईट, हे मी लिहीतच नाही. मला दोनच गोष्टी लिहायच्यात. घर कशाचं बांधलंय आणि त्यात काय चालतं.

सासू : आजी कोणाला म्हणता?

निरीक्षक : चुकलो. बाई.

सासू : आणि दोन गोष्टी लिहायला एवढं जाड पुस्तक कशाला लागतं? मी दारातूनच सांगते. दगडाचं बांधलंय आणि अब्रूने चालतं. लिहा आणि निघा.

निरीक्षक : 'अब्रू' असा गट नाहीये यात.

सासू : नसणारच. छापणाऱ्याकडे असायला हवी आधी.

सून : आई, साहेबांना आत तर येऊ द्या. अर्धा तास पायरीवर उभे आहेत.

सासू : राहू देत, तरुण आहेत. आधी मला कळू दे यांना बोलावलं कोणी. चाळीस वर्षांत नगरपालिकेला माझ्या घराची आठवण झाली नाही, ती आज सकाळी अकरा वाजता बरी झाली.

निरीक्षक : अर्ज आलाय ना. 'तळमजल्यावरील पुढच्या खोलीत पाळणाघर चालवण्याची परवानगी मिळावी.' खाली सही आहे...

सून : माझी आहे.

सासू : पुढच्या खोलीत म्हणजे?

सून : दिवाणखान्यात, आई.

सासू : माझ्या.

सून : घरात दुसरा आहे का?

सासू : ऐका साहेब. चौदा वर्षं ही माझ्या हाताखाली आहे. चौदा वर्षांत मला न विचारता हिने भाजीत मीठ घातलं नाही, आणि एकदम सरकारला पत्र लिहिलं. का गं, मला विचारायला जीभ झिजली असती?

सून : विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?

सासू : नाही म्हणाले असते.

सून : म्हणून नाही विचारलं.

सासू : बघा. दुसऱ्यांच्या सुना निदान रडतात तरी. ही उत्तरं देते.

निरीक्षक : बाई, मला दुपारी अजून तीन घरं बघायचीत.

सून : सांगते साहेब. मी ज्या पाळणाघरात कामाला होते ते बंद पडलं. तीन मुलांच्या आया माझ्या दारात आल्या. दोघी दवाखान्यात पाळीवर असतात, एक बस चालवते. मुलं दोन वर्षांचीही नाहीत. त्यांना माझ्याशिवाय दुसरीकडे करमत नाही.

निरीक्षक : मुलं अडीच वर्षांखालची असली, की ती तळमजल्यावरच ठेवायची. आणि त्याच खोलीचं दार थेट अंगणात उघडायला हवं. आग लागली तर ही पोरं स्वतः पळत नाहीत, उचलून न्यावी लागतात.

सून : तसं दार एकाच खोलीला आहे.

सासू : आणि त्या खोलीची किल्ली एकाच कमरेला आहे.

निरीक्षक : ठीक. मग मी लिहितो, 'खोली कुलूपबंद, मालकिणीने दाखवली नाही.' अर्ज आपोआप फेटाळला जातो.

सासू : थांबा. 'दाखवली नाही' म्हणजे? म्हणजे वाचणाऱ्याला वाटेल आत काहीतरी दाखवण्यासारखं नाही.

निरीक्षक : वाटू शकतं.

सासू : बूट काढा. हात पुसा. आणि कशाला टेकू नका.

निरीक्षक : दार एक, पावणेतीन फूट, आत उघडणारं. बरं. भिंती...

सासू : भिंती राहू द्या, भिंती सगळ्यांकडे असतात. हे खांब बघा. दोन्ही संगमरवरी. ह्यांनी मुद्दाम लांबून आणवले. शिरा बघा कशा गेल्यात. चार गल्ल्यांत असा खांब दुसऱ्याच्या घरात असेल तर मी नाव बदलेन. अहो, ठोठावताय कशाला? आत कोणी राहत नाही.

निरीक्षक : पोकळ वाजतोय.

सासू : मग?

निरीक्षक : दगड पोकळ असतो का?

सासू : उंची दगड असतो. हलका असतो. तुम्ही पाहिला नसेल.

निरीक्षक : असं बघा बाई. बांधकामाचे प्रकार पाच. एक म्हणजे ज्यात जळण्यासारखं काहीच नाही, सगळं दगड, काँक्रीट. मग उतरत उतरत पाच म्हणजे सगळं लाकूड. प्रकार कळला की त्यात काय काय करायला मुभा आहे ते कळतं. खांबांवर मी तूर्तास प्रश्नचिन्ह ठेवतो.

सासू : माझ्या खांबांवर काहीही ठेवायचं नाही.

निरीक्षक : कागदावर ठेवतो. आता वापर. ही खोली कशासाठी?

सासू : दिवाणखाना कशासाठी असतो? माणसांसाठी. माझ्या मुलाच्या लग्नात इथे शंभर माणूस बसलं होतं.

निरीक्षक : शंभर? मग हा गट सभागृहाचा. पन्नासच्या वर माणसं जमत असतील तर दोन दारं लागतात, बाहेरच्या बाजूला उघडणारी. इथे एक आहे, तेही आत उघडणारं.

सासू : शंभर म्हणजे सगळी एकदम नव्हेत. आणि अर्धी तर बसलीच नाहीत, उभी होती.

निरीक्षक : उभी माणसं जास्त मावतात, म्हणून जास्त धरतात.

सासू : मग आलीच नव्हती. लग्न अगदी साधं झालं.

सून : माझ्या बाबांना मात्र दोनशे माणसांची व्यवस्था करायला सांगितली होती.

सासू : तू मध्ये बोलू नकोस, साहेब मोजतायत. लिहा, मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी. दहा गाद्या आहेत, बावीस उशा. कधीही कोणीही येवो, या घराने जमिनीवर झोपवलं नाही.

निरीक्षक : दहा जण मुक्कामाला? ते अतिथीगृह झालं. त्याला दिशादर्शक पाट्या लागतात, आपोआप लागणारे दिवे लागतात, नोंदवही लागते...

सासू : मी लॉज चालवते असं म्हणायचंय का तुम्हाला?

निरीक्षक : मी काहीच म्हणत नाही. तुम्ही सांगता, मी पान उलटतो. शेवटचे पाहुणे कधी आले होते?

(सासू किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेते.)

सून : नऊ वर्षं झाली. मोठे मामा, आईंचे भाऊ, आले होते. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं, सोफ्यावर प्लास्टिक होतं म्हणून.

सासू : त्यांना वाऱ्याची सवय आहे.

निरीक्षक : म्हणजे माणसं जमत नाहीत, मुक्काम करत नाहीत. मग मला नियमाप्रमाणे जावं लागेल. मालक काय सांगतो ते धरायचं नाही, आज खोलीत काय दिसतं ते लिहायचं. चला. पेटारे पाच. गाद्या दहा, एकावर एक. उशा... बावीस, बरोबर. घडीचा पलंग. कपबश्यांची खोकी चार. भिंतीवरचं घड्याळ, खोक्यातच. ही इस्त्री...

सून : माझी आहे. माझ्या मामांनी लग्नात दिलेली.

सासू : पाहुण्यांच्या कपड्यांसाठी ठेवलीय.

निरीक्षक : मिक्सर, सील न फोडलेला.

सून : तोही माझा. मी अजून पाट्यावरच वाटतेय.

सासू : हाताला चव येते त्याने. साहेबांना विचार.

निरीक्षक : पुस्तकात नाही ते. सोफा एक, खुर्च्या चार, प्लास्टिकखाली. सोफ्यावर चादरींचे गठ्ठे. चालायला वाट, दीड फूट. बाई, अर्ध्याहून जास्त जमीन सामानाने भरलीय आणि एकही वस्तू वापरात नाही. हा गट सोपा आहे. साठवण.

सासू : म्हणजे?

निरीक्षक : गोदाम.

सासू : काय म्हणालात?

निरीक्षक : गोदाम. मध्यम ज्वलनशील. कापूस आहे ना गाद्यांत.

सासू : सूनबाई, मला जरा पाणी दे. नको, थांब, तू हलू नकोस, मला साक्षीदार पाहिजे. साहेब, या दिवाणखान्याच्या उंबऱ्यातून आत यायला माझ्या सख्ख्या नणंदेला दोन वर्षं लागली होती. मला पटेपर्यंत तिला मी आत घेतलं नाही. आणि तुम्ही याला गोदाम म्हणता?

निरीक्षक : तुम्ही माणसं आत घेतली असती तर म्हणालो नसतो.

सून : साहेब, गोदाम लिहिलं तर काय होईल?

निरीक्षक : पाळणाघर तर नाहीच. शिवाय घर दगडी असेल तर एक वेळ चालतं. लाकडी असेल, तर खाली गोदाम आणि वर माणसं झोपतात असं चालत नाही. वरचा मजला बंद करावा लागतो.

सून : वर मी झोपते. हे नोकरीला बाहेरगावी असतात.

निरीक्षक : म्हणून तर खांब महत्त्वाचे. हा आवाज कसला येतोय वरून?

सासू : पाईप आहे. पाण्याचा.

निरीक्षक : रडल्यासारखा आवाज आहे.

सासू : जुना पाईप आहे.

निरीक्षक : बाई, पाईप आत्ता 'मावशी' म्हणाला.

सून : साहेब, मी सांगते. तिघं वर आहेत. झोपवून खाली आले होते. आया कामावर जाणार कुठे ठेवून? परवानगी येईपर्यंत महिनाभर तिथेच सांभाळते. आई, तुम्हाला सांगणार होते मी.

सासू : मला काय सांगतेस. महिनाभर माझ्या डोक्यावर सहा पावलं नाचतायत. मला काय, उंदीर वाटले? उंदीर 'माझं आहे, माझं आहे' म्हणून भांडत नाहीत.

सून : तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?

सासू : दिसलं म्हटलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं. म्हणून दिसलं नाही.

निरीक्षक : थांबा, थांबा. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. अडीच वर्षांखालची तीन मुलं, वरच्या मजल्यावर, उतरायला एकच लाकडी जिना आणि खाली कापसाचा ढीग. मी हे बघितलं नसतं तर गोष्ट वेगळी. बघितलं, आता मला लिहावंच लागणार. आजच्या तारखेने वरचा मजला बंद. मुलं आजच घरी. ताई, तुम्हीसुद्धा आज रात्री वर झोपायचं नाही.

सासू : मग माझी सून झोपेल कुठे?

निरीक्षक : ते पुस्तकात नाही बाई.

सासू : पुस्तकात काय आहे ते पुन्हा सांगा. मघाशी म्हणालात ते. मालक काय सांगतो ते धरायचं नाही.

निरीक्षक : आज खोलीत काय दिसतं ते लिहायचं.

सासू : आज म्हणजे आत्ता की संध्याकाळपर्यंत?

निरीक्षक : मी सही करून निघेपर्यंत.

सासू : सूनबाई, पोरं खाली आण. एकेक करून, जिना धरून.

सून : कुठे आणू?

सासू : साहेबांच्या पुस्तकात लिहिलंय तिथे. जा. साहेब, तो पेटारा त्या बाजूने धरा.

निरीक्षक : मी ड्युटीवर आहे बाई.

सासू : मग ड्युटीवर धरा. मला सत्तरी उलटलीय, माझ्या हातून पायावर पडला तर माझा कुठला गट कराल?

निरीक्षक : कुठे न्यायचा पण हा? दुसऱ्या खोलीत ठेवलात तर ती गोदाम होईल.

सासू : मागे पत्र्याची शेड आहे. तिचं काय लिहिता?

निरीक्षक : घरापासून दहा फुटांवर असेल तर तिला कोणी विचारत नाही.

सासू : पंधरा आहे. हे आधी नाही सांगायचं?

निरीक्षक : तुम्ही शेड दाखवलीच नाहीत. दिवाणखाना दाखवलात.

सासू : आता गाद्या. सगळ्या नको, दोन राहू द्या खाली अंथरायला. अशी फरफटवू नका, धूळ पोरांच्या नाकात जाईल. तुमच्या घरी असं काम करता?

निरीक्षक : माझ्या घरी खाली दुकान, मध्ये आम्ही, वर घरमालकाची मुलगी गाणं शिकवते. तीन गट आहेत. मी कधी तपासलं नाही.

सासू : शहाणे आहात. ती कात्री द्या.

निरीक्षक : प्लास्टिक कापणार?

सासू : नुसतं शिवण उसवते. दोन टाके. हं, ओढा. आणखी ओढा. अगंबाई, लाल आहे होय सोफा. मला विटकरी आठवत होता.

निरीक्षक : प्लास्टिक पिवळं पडलं होतं ना.

सून : आई, ही घ्या. ही आताच जागी झालीय, जरा नीट धरा. ढब्बू, इकडे ये. इकडे, साहेबांची पिशवी सोड.

सासू : हिचं नाव काय?

सून : आम्ही छकुली म्हणतो. वर रडत होती ती हीच.

सासू : म्हणजे पाईप. ये गं पाईप. बस इथे. हे बघ, याला मखमल म्हणतात, हिच्यावर अजून माझा भाऊसुद्धा बसलेला नाही. तू पहिली. आणि शू केलीस तर बघ, माझ्याशी गाठ आहे.

सून : केली, आई.

सासू : केली? बरं. ठीकाय. तिसरं कुठाय?

निरीक्षक : खांबाशी. ठोठावतोय.

सासू : तुमच्याकडे बघून शिकला. साहेब, आता लिहा. काय दिसतं?

निरीक्षक : मुलं तीन. सोफ्यावर एक, गादीवर एक, खांबाला एक. दार अंगणात उघडतं, वाट मोकळी. गट देखभालीचा, पाळणाघर. दार मात्र आठ दिवसांत उलटं बसवून घ्यायचं, बाहेर उघडेल असं.

सासू : झालं तर. द्या कागद, सही करते. सही मला येते.

निरीक्षक : अजून नाही. खांब.

सासू : अजून खांबच का?

निरीक्षक : मी प्रश्नचिन्ह ठेवलं तर भोक पाडून बघायला वेगळा माणूस येतो. दोन महिने जातात. तोपर्यंत परवानगी नाही, मुलं घरी. नाहीतर मालकिणीने स्वतः सांगायचं आणि खाली सही करायची.

सून : दोन महिने त्या आया नोकरीवरून थांबू शकत नाहीत, साहेब.

सासू : लाकूड सांगितलं तर?

निरीक्षक : लाकडी घरातही तळमजल्यावर पाच मुलांपर्यंत चालतं. खाली गोदाम नसलं की वरचा मजलाही राहायला मोकळा. अडचण काहीच नाही. प्रकार पाच लिहायचा.

सासू : पाच म्हणजे सगळ्यात शेवटचा.

निरीक्षक : शेवटचा म्हणजे तसा वाईट नव्हे. नुसता नंबर असतो.

सासू : मी शाळेत दोनच वर्षं गेले, पण पहिला कोण आणि पाचवा कोण एवढं कळायला तेवढी पुरतात.

सून : आई, राहू द्या. मी आयांना सांगेन काहीतरी.

सासू : तू काय सांगणार? एक बस चालवते म्हणालीस ना? पोर घरी टाकून बस चालवेल ती? आत माणसं भरलेली असतात. तुम्ही लिहा हो. लाकूड.

निरीक्षक : नक्की?

सासू : मी रंगाची वाटी धरली होती, मला नक्की माहीत नसेल? हे सुतार होते. लग्नात मला म्हणाले होते, दगडी खांबांचं घर देईन. दगड काही जमला नाही. मग दोन खोडं आणली, आतून पोखरली, तासली, गुळगुळीत केली. कोंबडीच्या पिसाने एकेक शीर काढली, अकरा दिवस. बाराव्या दिवशी मला उभं केलं आणि म्हणाले, कसा दिसतोय दगड? मी म्हटलं, तुम्ही दगड म्हणा, मी दगड म्हणते, बघू कोण नाही म्हणतं. ते गेले. मी म्हणतच राहिले. एकटीने म्हणताना जरा मोठ्याने म्हणावं लागतं.

सून : मला माहीत होतं, आई.

सासू : कधीपासून?

सून : लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. उन्हाळा होता, मी दमून खांबाला टेकले. दगड असता तर गार लागला असता.

सासू : चौदा वर्षं? आणि एकदाही तोंडावर फेकलं नाहीस? मी तुला मिक्सर देत नव्हते तेव्हासुद्धा?

सून : तुम्ही तेव्हा शेजारणीला बोट लावून शिरा दाखवत होतात. मला दिसलं नाही म्हटलं.

सासू : हं. माझ्याकडूनच शिकलीस.

निरीक्षक : बांधकाम प्रकार पाच, लाकडी.

सासू : आणि लिहा, वरून उत्तम रंगकाम.

निरीक्षक : त्याला रकाना नाही बाई.

सासू : शेरा असतो ना खाली? शेरा नसलेला सरकारी कागद मी पाहिला नाही.

निरीक्षक : लिहितो. 'वरून उत्तम रंगकाम. दगडासारखे दिसते.' चालेल?

सासू : 'हुबेहूब' घाला.

निरीक्षक : हुबेहूब घातलं. आता शेवटचं. अर्ज पाच मुलांचा आहे. तिनाच्या वर मुलं असली की सांभाळणारी दोन माणसं लागतात. एक या ताई. दुसरं?

सून : दुसरं कोणी बघितलेलं नाही अजून. तीनच लिहा तूर्त.

सासू : पाच लिहा. बावीस उशा आहेत. आणि दुसरं माणूस दिसत नाही का तुम्हाला? आज खोलीत दिसतं ते लिहायचं ना? मघापासून हे पोर माझ्या खांद्यावर लाळ गाळतंय.

निरीक्षक : मदतनीस म्हणून लिहू?

सासू : लिहून तर बघा 'मदतनीस'. मालकीण लिहा.

निरीक्षक : मालकीण. इथे सही. सावकाश करा.

सासू : मुद्दामच सावकाश करते. घाईत केलेली सही कोणाचीही वाटते. झाली. आता बूट घाला, तुमची तीन घरं राहिलीत. आणि पुन्हा आलात तर बाकावर बसायचं नाही, आत यायचं.

निरीक्षक : येतो बाई. येतो ताई. ढब्बू, पेन दे.

सून : गेले. आई, मिक्सर शेडमध्ये ठेवला की काय त्यांनी?

सासू : स्वयंपाकघरात ठेवायला लावला. सील तू फोड. आणि ते प्लास्टिक टाकून देऊ नकोस, पूस, नीट घडी कर आणि पेटाऱ्यावर ठेव.

सून : आता कशाला लागणार ते?

सासू : पाहुणे आले की घालायला.